सलीम अली आणि आपलं मागचं अंगण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीनं सांगितलं तेव्हा बँकेतल्या गमतीजमती लिहाव्यात असा माझा विचार होता. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीतल्या गमती आपल्या सोसायटीनं गणपतीच्या मांडवात पुरेशा ऐकल्या आहेत. म्हणून या वेळी दुसऱ्याच एका माणसाबद्दल लिहितो. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यांचं आयुष्य कसं गेलं हे मलाही निवृत्तीनंतरच कळलं. हे नाव मला का सुचलं, ते ओघात येईलच.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. वडील गेले तेव्हा ते वर्षाचे होते आणि आई गेली तेव्हा तीन वर्षांचे. सगळी भावंडं मामांच्या घरी, खेतवाडीत वाढली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीचे शौकीन. घरात बंदुकीचं कौतुक, त्यामुळे या पोराच्या हातातही लहानपणीच छर्ऱ्याची बंदूक आली. आपल्याला वाटतं, एवढा मोठा पक्षीमित्र म्हणजे लहानपणी जखमी पाखरांना पाणी पाजत असणार. तसं अजिबात नाही. हा मुलगा चिमण्या मारायचा.

तबेल्यातल्या एका भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर राखणीला. सलीमनं आडोशाला बसून नर टिपला. थोड्या वेळानं बघतो तर मादीनं दुसरा नर आणलेला! तोही टिपला. असे सात दिवसांत आठ नर झाले आणि दर वेळी जागा भरली गेली. हे वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू. पण त्या नऊ-दहा वर्षांच्या पोरानं ही गोष्ट लिहून ठेवली होती. कित्येक वर्षांनी ती नोंद छापूनही आली. मारणारी मुलं त्या काळी घरोघरी होती, लिहून ठेवणारा हा एक.

पुढची हकिकत काहींना माहीत असेल. एकदा त्यानं मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. हा पक्षी खायला चालेल की नाही, असा घरात प्रश्न पडला. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. 1883 साली स्थापन झालेली ही संस्था तेव्हा फोर्टात होती. मामांनी भाच्याला तिथले मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवलं. साहेबाच्या कचेरीत जायचं म्हणून मुलगा घाबरलेला, हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी. मिलर्डसाहेबांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचं सांगितलं, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. काउंटरवर आलेल्या लहान मुलाला त्या माणसानं अर्धा-पाऊण तास दिला असेल. मी छत्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. असा अर्धा तास मी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असेल असं वाटेल, पण इथूनच खरी ओढाताण सुरू होते. मुलगा अभ्यासात बेताचा. डोकेदुखीनं शाळा सारखी बुडायची. 1913 साली कसाबसा मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, ते पहिल्याच वर्षी सोडलं. मग घरच्या मंडळींच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात तवॉय इथं गेला. वुल्फ्रॅमच्या खाणी आणि लाकूड असा तो धंदा. तिथल्या जंगलात पक्षी भरपूर बघितले, धंदा मात्र बसला. परत येऊन दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला लागला. झेवियर्समधल्या फादर ब्लॅटर यांनी त्याची खरी आवड ओळखली आणि प्राणिशास्त्राचे वर्ग करायला लावले. म्हणजे एकीकडे जमाखर्च आणि दुसरीकडे प्राणी! तरी पदवी नाहीच. ही पदवी नसणं पुढे फार महागात पडलं. सरकारी खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा होती, ती त्यावाचून हुकली.

1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून नोकरी लागली, महिना साडेतीनशे रुपये. मी 1974 साली क्लार्क म्हणून लागलो तेव्हा माझ्या हातात येणारी रक्कम याहून फार वेगळी नव्हती, यावरून 1926 चे साडेतीनशे किती ते बघा. अशी नोकरी असताना हा गृहस्थ दोन वर्षांत कंटाळला आणि रजा घेऊन बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकायला गेला. 1930 साली परत येतो तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

आता हिशेब मांडा. वय चौतिशीच्या घरात, पदवी नाही, नोकरी नाही, धंदा एकदा बुडालेला, घरी बायको. असा अर्जदार माझ्या टेबलासमोर कर्जासाठी आला असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता.

मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवराबायको अलिबागजवळ किहीमला गेले. तिथं घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाचे दिवस, विणीचा हंगाम. करायला दुसरं काम नाही. सलीम अली रोज तासन् तास तेच झाड बघत बसले. कुठला नर कुठलं घरटं विणतो, मादी कधी येते, किती वेळ थांबते, सगळं टिपून ठेवलं.

आणि जे दिसलं ते कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं. आपण शाळेत बहिणाबाईंची कविता पाठ केली, त्यात सगळं श्रेय सुगरणीला. नावही बायकी. प्रत्यक्षात विणणारा नर. तो गवताच्या, भाताच्या पात्यांच्या चिंध्या काढून घरटं अर्धं विणतो, उलट्या टोपीसारखं, मध्ये आडवी दांडी. मग माद्या येतात, आत शिरतात, ओढून-खेचून बघतात. पसंत पडलं तर मादी तिथं मुक्काम करते आणि नर लांब नळीचं दार विणून घरटं पुरं करतो. नापसंत झालं तर ते तसंच लटकत राहतं. पसंतीनंतर मादी अंड्यांवर बसली की हे महाराज शेजारी दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! एकामागून एक असे दोन-तीन संसार. (आमच्या सौ.चं यावरचं मत इथं छापण्यासारखं नाही.) 1931 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बेकार सलीम अलींचं नाव जाणकारांत झालं. ना प्रयोगशाळा, ना अनुदान. घराजवळचं एक झाड आणि एक पावसाळा.

इथं मला आपलीच गोष्ट सांगायला हवी. 2000 साली आपण राहायला आलो तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे भातशेती होती आणि बांधावर शिंदीचं झाड. पावसाळ्यात त्यावर सुगरणीची घरटी झुलायची, जुन्या सभासदांना आठवत असेल. खाली पडलेलं एक घरटं माझ्या मुलीनं उचलून आणलं होतं. ते अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. अर्धंच आहे, वाऱ्यानं तुटलं असणार असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला पंधरा वर्षं सांगत होतो. किहीमची हकिकत वाचल्यावर ते काढून नीट पाहिलं. टोपीसारखा आकार, मध्ये दांडी. ते तुटलेलं नव्हतंच. कुणा मादीनं नाकारलेलं घर होतं.

सलीम अलींकडे परत येतो. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, पुढे भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांना त्यांनी एक प्रस्ताव दिला. तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, मेहनताना नको, फक्त तंबूचा आणि प्रवासाचा खर्च द्या. संस्थानिकांना सौदा स्वस्तात पडला आणि यांना हवं ते मिळालं. पत्नी तेहमिना इंग्लंडमध्ये वाढलेली, सुखवस्तू घरातली. ती या तंबूच्या संसारात बरोबर हिंडली. 1939 साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर ती गेली. वीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. ते बहिणीकडे पाली हिलला राहायला गेले आणि कामात बुडाले. या दुःखाबद्दल जास्त लिहिण्याची माझी पात्रता नाही.

दोन वर्षांनी, 1941 साली, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं रंगीत चित्रांचं पुस्तक आलं, ज्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. स्वातंत्र्यानंतर मिलर्डसाहेबांच्या त्या संस्थेची स्थिती बिकट झाली, तेव्हा नेहरूंपर्यंत जाऊन त्यांनी मदत मिळवली. डिलन रिप्ली यांच्याबरोबर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, तो पुरा झाला तेव्हा वय सत्त्याहत्तर. मोटरसायकलचं वेड तर असं की 1950 साली स्वीडनच्या पक्षी परिषदेसाठी गेले तेव्हा स्वतःची सनबीम सोबत नेऊन युरोपभर फिरवली. वय त्रेपन्न! भरतपूर, सायलेंट व्हॅली यांसाठी त्यांनी केलेली खटपट बऱ्याच जणांना माहीत आहे. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभा हे सगळं झालं. पण माझ्यातल्या बँकवाल्याला भावतं ते वेगळंच. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम डॉलरमध्ये मिळाली, ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी संस्थेकडे दिली. आयुष्यभर पैशाची चणचण पाहिलेला माणूस! 1987 साली ते गेले, वय नव्वद.

आता माझी कबुली. 2016 साली आपण बी विंगच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवले. मी खजिनदार होतो. कोटेशनं मी मागवली, सर्वसाधारण सभेत ठराव मी मांडला, चेकवर सही माझी. चिखल होतो, डास होतात, लहान मुलं घसरतात, ही कारणं खरीच होती. त्या पट्ट्यातल्या मातीत दुपारी चिमण्या धुळीनं अंघोळ करायच्या. ते मी गॅलरीतून रोज बघत होतो, पण बघत होतो म्हणजे चहा पिता पिता नजर जात होती, एवढंच. काम झाल्यावर किती दिवसांनी त्या यायच्या थांबल्या, हे मला सांगता येणार नाही. कारण मी ते लिहून ठेवलं नाही. त्या तबेल्याबाहेरच्या पोराला मात्र आठ नरांचा हिशेब माहीत होता.

पंपरूमशेजारचा दहा बाय बाराचा तुकडा तेवढा उघडा राहिला, तोही खालच्या पाइपलाइनमुळे. तिथं एक तगर आहे, कुणीतरी टाकलेल्या बीचा शेवगा आहे आणि बरंच आपोआप उगवलेलं आहे. गेली तीन वर्षं मी सकाळी सात ते साडेसात तिथं खुर्ची टाकून बसतो. वॉचमनला सुरुवातीला वाटायचं, काका त्याच्यावर नजर ठेवतात. आता तोच मला रात्रपाळीचा रिपोर्ट देतो, घुबड कुठं बसलं होतं वगैरे. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतात. तगरीत या वर्षी बुलबुलानं घरटं केलं.

हा तुकडाही फरसबंद करून तिथं चार स्कूटर लावायची सोय करावी, असा विषय येत्या सभेच्या पत्रिकेवर आहे. पार्किंगची अडचण मला कळते, माझ्या जावयाची गाडीही रस्त्यावरच लागते. पण मी विरोधात मत देणार आहे, हे सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवलं आहे. ज्यांना ठराव मंजूर करायचा आहे त्यांनी सभेच्या आधी एकदा सकाळी सातला खाली यावं. खुर्च्या दोन आहेत. बुलबुलाची अंडी तीन होती, त्यातलं एक कावळ्यानं नेलं. उरलेली दोन परवा फुटली, आणि काल सकाळच्या अर्ध्या तासात आईबापांच्या मिळून अकरा खेपा झाल्या. बँकेच्या जुन्या डायरीत लिहून ठेवल्या आहेत.