पहिला श्रामणेर राहुल

देवळाली प्रवरा हे गाव राहुरी तालुक्यात. या भागात बौद्ध घरात मुलाचे नाव राहुल ठेवले की कोणी ना कोणी सांगणारा भेटतोच : हे तर राहूचे नाव! नेवाशाला मोहिनीने अमृत वाटले, चोरून पिणाऱ्या राहूचे मुंडके उडाले आणि त्याच राहूवरून राहुरी हे नाव पडले, अशी लोककथा इकडे रूढ आहे. मग नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या आईबापांच्या मनात पाल चुकचुकते. आपण लेकराला अशुभ नाव तर दिले नाही ना?

पुराणातला राहू हा चंद्रसूर्याला गिळणारा असुर, पत्रिकेत बसून माणसाला छळणारा ग्रह. ग्रहण लागले की अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतील माणसांनी ग्रहण सुटावे म्हणून ओरडत गावभर दान मागायचे आणि सवर्णांनी जुने कपडे व धान्य टाकून आपले पाप उतरवायचे, ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगली आहे. त्यामुळे या नावाची भीती आपल्याकडे साधी नाही. वास्तविक आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगून ठेवले होते की, ग्रहण हा सावल्यांचा खेळ आहे, तेथे कोणी असुर नाही.

बौद्ध ग्रंथांतही या नावाचा अर्थ एकच नाही. पाली अट्ठकथेप्रमाणे पुत्रजन्माची वार्ता ऐकताच सिद्धार्थाच्या तोंडून हे बंधन जन्मले असे उद्गार निघाले आणि तेच नाव झाले. उत्तरेकडील एका परंपरेप्रमाणे त्याच्या जन्मावेळी चंद्रग्रहण होते. अश्वघोषाने मात्र बुद्धचरितात त्याचे मुख राहूच्या वैऱ्यासारखे, म्हणजे चंद्रासारखे होते असे सांगितले. बंधन, ग्रहण आणि चंद्र, असे तीन अर्थ झाले. अट्ठकथेतील बंधनाची गोष्ट बुद्धानंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली. परमपूज्य बाबासाहेबांनी सिद्धार्थाचा गृहत्याग रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्यातून झाला असे दाखविले. तेथे मुलाला बेडी समजून रात्री पळून जाणारा बाप नाही, तर यशोधरेची संमती घेऊन निघालेला पती आहे. आम्हाला हेच पटते.

ज्ञानप्राप्तीनंतर तथागत कपिलवस्तूला आले तेव्हा राहुल सात वर्षांचा होता. यशोधरेने त्याला वडिलांकडे पाठवले आणि वारसा मागायला सांगितले. लहानगा राहुल त्यांच्या मागोमाग वारसा मागत चालत राहिला. तथागतांजवळ ना राज्य होते ना सोनेनाणे. त्यांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली आणि राहुल संघातील पहिला श्रामणेर झाला. म्हाताऱ्या शुद्धोदनाच्या काळजाला ही गोष्ट लागली. आधी मुलगा गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला. त्याने आपले दुःख तथागतांपुढे मांडले. ते ऐकून तथागतांनी नियम केला की, आईवडिलांच्या परवानगीशिवाय कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. एका आजोबाच्या दुःखातून आलेला हा नियम विनयपिटकात आहे.

संघात राहुलाचे लाड झाले नाहीत. एकदा राजगृहात पाय धुऊन झाल्यावर तथागतांनी भांड्यात उरलेले थोडे पाणी त्याला दाखविले, ते फेकून दिले, भांडे पालथे घातले, पुन्हा सरळ केले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच थोडे, फेकलेले, पालथे आणि रिकामे असते, हे त्यांनी मुलाला डोळ्यांसमोर पटवून दिले. आरशात तोंड पाहावे तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासून पाहा, असेही सांगितले. पोरांना शिकवावे कसे, याचा असा नमुना आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

कोसंबीला एकदा भिक्षूंनी नियमावर बोट ठेवून त्याला आपल्याबरोबर झोपण्यास मनाई केली. राहुलाने कुरकूर केली नाही, बापाचे नाव सांगितले नाही. त्याने रात्र शौचकुटीत काढली. तथागतांना तो तेथे सापडला, तेव्हा त्यांनी तो नियम सैल केला. पुढे तो तरुण झाला. त्याला आपल्या रूपाचा थोडा अभिमान वाटू लागला होता असे अट्ठकथा सांगते. श्रावस्तीत भिक्षेला जाता जाता तथागतांनी त्याला समजावले की, हे रूप मी नव्हे, माझे नव्हे. राहुल भिक्षेला गेलाच नाही. मागे फिरून एका झाडाखाली ध्यानाला बसला. चंद्रमुखी म्हणून नाव मिळालेल्या मुलाला हा उपदेश मिळावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. श्रावस्तीजवळच्या अंधवनात तो अर्हत झाला. शिकण्याची आवड असणाऱ्या भिक्षूंमध्ये तथागतांनी त्यालाच पहिला मान दिला. तथागतांच्या आधीच त्याचे निधन झाले, असे पाली परंपरा मानते.

खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला तो उपदेश सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराट येथील शिलालेखात नमूद केला आहे. भिक्षु-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी जे सात धम्मग्रंथ वारंवार ऐकावेत असे त्याने सुचविले, त्यांत हा एक आहे. तो दगड आता कलकत्त्याला आहे. इ. स. ४०० च्या सुमारास चिनी प्रवासी फाहियान आला, तेव्हा मध्यदेशातील श्रामणेर राहुलाची पूजा करीत होते. आणि आपल्याच काळात, केदारनाथ पांडे या ब्राह्मण घरात जन्मलेल्या पंडिताने १९३० साली श्रीलंकेत प्रव्रज्या घेतली तेव्हा राहुल हेच नाव धारण केले. तेच राहुल सांकृत्यायन.

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग रंगविलेला आहे. भिक्षापात्र घेतलेले तथागत भिंतभर उंच आहेत. त्यांच्यापुढे यशोधरा लहानशी दिसते, आणि तिच्या पुढ्यात वर पाहत उभा असलेला राहुल तिच्याहूनही लहान. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना त्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबू द्या. तेथे उजेड कमी असतो, डोळे सरावल्यावर चित्र दिसू लागते.