लक्ष्मीबाई टिळक : दुःखातून उभी राहिलेली माउली

नगर म्हटलं की किल्ला आणि चांदबिबी आठवतात. मला मात्र लक्ष्मीबाई टिळक आठवतात. जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा नाही, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, पती नारायण वामन टिळकांकडून. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि बाईंचा संसार मोडला. चार-पाच वर्षं नातलगांकडे रडून काढली. पुढे नवऱ्याजवळ नगरला आल्या, तरी सोवळं पाळीतच होत्या. जातिभेद देवाने केलेला नाही, हे स्वतःच्या मनाला पटलं तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे कितीतरी अनाथ मुलांच्या त्या आई झाल्या.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरंच राहिलं. ज्या ख्रिस्तापायी एकदा संसार मोडला होता, त्याचंच चरित्र बाईंनी हाती घेतलं आणि ६४ अध्यायांची भर घालून पुरं केलं. १९३८ साली ते छापून आलं, तेव्हा त्या नव्हत्या. १९३६ मध्येच गेल्या होत्या.

माझी पत्नी गेल्यावर मी त्यांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली. एवढं सोसलेली बाई पानोपानी हसवते! श्रद्धेने दुःख नाहीसं होत नाही, पण रोज उठून आजचं काम करण्यापुरतं बळ मिळतं, एवढं मला त्यातून कळलं. आपल्या सोसायटीतही काही घरं आता एकेकट्यांची झाली आहेत. त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. माझी प्रत कधीही न्या.