हसन फाथी : मातीच्या छतांचा पाठीराखा

दुसऱ्या महायुद्धामुळे इजिप्तमध्ये लाकूड आणि पोलाद दुर्मीळ झाले, तेव्हा वास्तुविशारद हसन फाथी यांच्यापुढे एक साधा पण बिकट प्रश्न उभा राहिला. कच्च्या विटांच्या भिंती उभारता येतील. पण तुळईवाचून छत कसे घालायचे? १९०० साली अलेक्झांड्रियात सधन कुटुंबात जन्मलेल्या आणि १९२६ मध्ये कैरोत पदवी घेतलेल्या फाथी यांच्या पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणात याचे उत्तर नव्हते. त्यांनी विटांची कमानदार छते घालून पाहिली, ती कोसळली.

अस्वान धरणाच्या कामावर असलेल्या बंधूंकडून त्यांना कळले, की तेथील नुबियन लोक कोणत्याही आधाराशिवाय अशी छते घालतात. १९४१ मध्ये फाथी अस्वानला गेले. तेथील गवंडी खोलीच्या मागच्या भिंतीवर नजरेच्या अंदाजाने कमानीची रेषा काढत. मग पातळ विटांचे थर त्या भिंतीवर रेलून, किंचित तिरके लावत. प्रत्येक थर आधीच्या थरावर टेकत असल्याने सेंट्रिंगची गरजच उरत नसे. विटा हलक्या व्हाव्यात म्हणून मातीत भुसा जास्त घालत आणि त्या गाऱ्याला घट्ट चिकटाव्यात म्हणून बोटांनी त्यांवर खाचा ओढत. लक्सरजवळील रामेसियम मंदिराची तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची कोठारे याच रीतीने बांधलेली आहेत.  ही विद्या या गवंड्यांच्या हातात टिकून होती. त्यांना काम मिळाले नसते, तर तेथे ती त्यांच्याबरोबरच लयाला जाण्याचा धोका होता.

फाथी यांनी या कारागिरांना आपल्या कामांवर बोलावले. लक्सरच्या पश्चिम तीरावर प्राचीन थडग्यांवर वसलेले गुर्ना गाव हलवण्याचे काम पुरातत्त्व खात्याने त्यांच्याकडे सोपवले, तेव्हा अस्वानच्या गवंड्यांकडून स्थानिक तरुणांना शिकवण्याचीही त्यांनी तजवीज केली. पण नवे गुर्ना पूर्ण झालेच नाही. थडग्यांच्या परिसरावर उपजीविका असलेले रहिवासी तेथे जाण्यास राजी नव्हते आणि सरकारी दिरंगाईही भोवली. अखेर १९४८ मध्ये काम थांबले. गावकऱ्यांच्या इच्छेपेक्षा आराखडा पुढे गेला, ही टीका फाथी यांच्यावर पुढेही होत राहिली.

या अपयशाची हकिकत त्यांनी १९६९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. १९७३ मध्ये ती ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने शिकागोहून प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या वास्तुविशारदांनी वाचली. १९८० मध्ये त्यांना आगाखान वास्तुकला पुरस्कारांतर्गत अध्यक्षीय पुरस्कार आणि राइट लाइव्हलीहूड पुरस्कार लाभला. १९८१ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत त्यांच्या आराखड्यानुसार मशीद उभी राहिली. त्यासाठी नुबियन गवंडी तेथे गेले.

१९८९ मध्ये कैरोत फाथी यांचे निधन झाले. नव्या गुर्नातील बरीच घरे पुढे पडली किंवा बदलली गेली. २०१० मध्ये हे गाव जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत आले. कसब मात्र टिकले. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोत २००० पासून एक संस्था गवंड्यांना हीच नुबियन रीत शिकवत आली आहे. तेथेही लाकूड दुर्मीळ आहे आणि छताचा प्रश्न तोच आहे.