बाबासाहेबांचे दोन पराभव आणि सीमेवरचा मतदार

निवडणूक जवळ आली की आमच्या समितीच्या बैठकीत एक मुद्दा हटकून निघतो. मराठी भाषकांनी आपला माणूस उभा करावा, सगळ्या गावांनी त्यालाच मते द्यावीत, म्हणजे मराठी शाळा आणि मराठी शिक्षकांचा प्रश्न कोणाला टाळता येणार नाही. मुद्दा ऐकायला बरा वाटतो. पण मतांचे हे गणित ज्यांनी जन्मभर अभ्यासले, आणि ज्यांना स्वतःलाच ते दोनदा भोवले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र या अंगाने आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. घटनाकार बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत, उमेदवार बाबासाहेब फार थोड्यांना.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूचा, म्हणजे आपल्याच आजच्या मध्यप्रदेशातला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिक्षक. मराठी मुलखाबाहेर जन्मलेले हे मराठी मूल पुढे सातारा, मुंबई, न्यूयॉर्क, लंडन असे शिकत गेले. तो भाग पाठ्यपुस्तकात आहे.

मताधिकाराकडे त्यांचे लक्ष फार लवकर गेले. १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्यांना मत आणि प्रतिनिधी दोन्ही मागितले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताचा हक्क मागितला. तेव्हा मत फक्त जमीनदार, करदाते आणि शिकलेले यांच्यापुरतेच होते. १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण त्या जागांसाठीही शेवटचे मत सर्व हिंदू मतदारांचे. आपला प्रतिनिधी आपल्या मतांनी निवडला जाईल की दुसऱ्यांच्या, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून सुटला नाही.

१९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून उभे राहिले. समोर काँग्रेसचे पाळवणकर बाळू, म्हणजे नावाजलेले क्रिकेटपटू. बाबासाहेब निवडून आले. त्या वेळी मुंबई इलाख्यात एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडायचे असत, आणि जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत. ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. तीन जागा असल्या तर तीनही मते एकाच्याच पदरात. त्यामुळे थोड्या संख्येचा समाजही एकजुटीने आपला एक माणूस निवडून आणू शके. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ही सोय नव्हती. राखीव जागा असेल तेथे दोन जागांचा मतदारसंघ आणि प्रत्येकाला दोन मते होती खरी, पण दोन्ही एकाला देता येत नसत. उत्तर मुंबईत बाबासाहेबांचा पराभव काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांनी केला. त्या मतदारसंघात हजारो मते बाद झाली. एक मत द्यायचे आणि दुसरे वाया घालवायचे, याला तेव्हा मत कुजवणे म्हणत.

मग १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. त्या वेळी भंडारा आणि आपले बऱ्हाणपूर एकाच राज्यात होते, हे आज तरुणांना सांगावे लागते. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि राजभाषा दोन होत्या, हिंदी आणि मराठी. भंडाऱ्यातही जागा दोन होत्या. सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी नेते अशोक मेहता बाबासाहेबांच्या जोडीने उभे होते. कार्यकर्त्यांचा हिशेब साधा होता. आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवले तर मेहतांची मते घटतील, आणि राखीव जागा हुकली तरी सर्वसाधारण जागेवर बाबासाहेब येऊ शकतील. कायद्यात तशी मुभा होती. बाबासाहेबांनी नकार दिला. दोन्ही मते द्या, वाया घालवू नका, असेच त्यांनी लोकांना सांगितले. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. ज्या राज्यघटनेचा मसुदा आपण तयार केला तिच्याखालची निवडणूक मत नासवून जिंकायची नाही, एवढे पाळून ते घरी परतले.

पुढच्याच वर्षी, १९५५ च्या अखेरीस, भाषिक राज्यांवरचे त्यांचे छोटे इंग्रजी पुस्तक आले. त्यात त्यांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले आणि मध्यप्रदेशाचे दोन. राज्याची राजभाषा प्रादेशिक भाषा नसावी, असेही त्यात आहे. हे आपल्याला रुचणारे नाही, मलाही रुचत नाही, पण ते लपवून त्यांचे नाव घेणे बरे नव्हे. मात्र त्याच पुस्तकात आपल्या कामाचे एक प्रकरण आहे. भाषिक राज्यात संख्येने मोठी जात सत्ता धरून बसेल आणि विखुरलेल्या लहान समाजांना कोणी विचारणार नाही, अशी भीती त्यांनी मांडली. त्यावर उपाय म्हणून दोन-तीन जागांचे मतदारसंघ करावेत आणि सगळी मते एकाला देण्याची जुनी सोय परत आणावी, असे सुचवले. तो उपाय कोणी घेतला नाही. दोन जागांचे मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने गेले.

आता आपल्या बैठकीतला मुद्दा या कसोटीवर लावून पाहावा. बऱ्हाणपूर जिल्ह्यात विधानसभेच्या जागा दोन, त्यातली नेपानगरची अनुसूचित जमातींसाठी राखीव. लोकसभेला आपण खंडवा मतदारसंघात, जो खंडवा-बऱ्हाणपूरच्या पलीकडे देवास आणि खरगोन जिल्ह्यांतही पसरला आहे. इच्छापूर, शहापूरकडची मराठी गावे एका बाजूला, खकनारकडची दुसऱ्या बाजूला. शिवाय गावात पेटीपाशी गेलेला माणूस आधी जात पाहतो, मग पक्ष, मग केळीचा भाव. भाषा आठवलीच तर शेवटी. त्याला दोष का द्यावा? एक जागा, एक मत, या पद्धतीत विखुरलेल्या मतांचा आमदार होत नाही. फार तर अटीतटीच्या लढतीत कोणाला तरी ती मते हवीशी वाटतात, आणि शाळेचा अर्ज पुढे ठेवायची वेळ तीच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी रचना झाली. नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले. बऱ्हाणपूर आणि बाबासाहेबांचे महू भोपाळच्या नव्या मध्यप्रदेशात आले. त्यानंतर पस्तीस दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.