कष्टकऱ्यांच्या आरोग्यासाठी झगडलेले बाबासाहेब

उपासक-उपासिका हो, तुमच्या घराच्या भिंतीवर परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. तिच्यात बहुधा त्यांच्या हाती राज्यघटनेचा ग्रंथ असेल. चवदार तळ्याचा संगर तुम्हांला ठाऊक आहे, नागपूरची दीक्षा तर तुमच्या घराचाच इतिहास आहे. परंतु गिरणीत राबणाऱ्या गरोदर बाईसाठी आणि खाणीत उतरणाऱ्या मजुरासाठी बाबासाहेब कायदेमंडळात काय करीत होते, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? आज तीच हकीकत तुमच्यापुढे मांडावयाची आहे.

आरंभ त्यांच्या घरापासूनच करू. बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांतील चार लहानपणीच गेली. गंगाधर गेला, रमेश गेला, इंदू ही एकुलती एक मुलगी गेली, आणि जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्नही गेला. एकटा यशवंत तेवढा जगला. परदेशात मोठमोठ्या पदव्या मिळविलेल्या माणसाच्या घरची ही स्थिती! मग चाळीतल्या गिरणीकामगाराच्या घरात काय चालले असेल, याचा विचार तुम्हीच करा.

राजरत्नाच्या मृत्यूला आठ महिने होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९२७ मध्ये, बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायका काम करीत. त्यांत आपल्या समाजाच्या बायकाही होत्या. दिवस भरत आले तरी त्या यंत्रापाशी उभ्याच, कारण खाडा झाला की मजुरी बुडे. बाळंतपणाच्या खर्चासाठी सावकार ठरलेला. अंगावरचे मूल कामाच्या वेळी रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी चाटवण्याची चाल सर्रास होती. आई कसायाच्या काळजाची होती म्हणून नव्हे, तर घरी बसली तर चूल पेटणार नाही म्हणून.

१९२८ साली कौन्सिलपुढे स्त्री-कामगारांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचे विधेयक आले. ते बाबासाहेबांनी मांडलेले नव्हते, परंतु २८ जुलै १९२८ रोजी त्यांनी उभे राहून त्याला जोरदार पाठिंबा दिला. गिरण्यांवर बोजा पडेल, धंदा बुडेल, अशी विरोधकांची तक्रार होती. बाबासाहेबांचे म्हणणे सरळ होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारनेच उचलावा. सरकार तो उचलीत नसेल, तर जो मालक बाईच्या श्रमावर नफा मिळवितो त्याच्यावरही काही जबाबदारी येते. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. हिंदुस्थानात या प्रकारचा तो पहिलाच कायदा होता.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाबासाहेबांनी मालकाच्या दयेला हात जोडले नाहीत. दया आज असते, उद्या आटते. कायद्याने मिळालेला पैसा हा हक्काचा असतो आणि तो घेताना मान खाली घालावी लागत नाही.

१९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले. पुढच्याच वर्षी संततिनियमनाच्या सोयी सरकारने लोकांना उपलब्ध करून द्याव्यात, असा ठराव त्यांच्या पक्षाने आणला. त्या दिवशी बाबासाहेब सभागृहात हजर राहू शकले नाहीत, तेव्हा त्यांचे भाषण सहकाऱ्याने वाचून दाखविले. वारंवार येणाऱ्या बाळंतपणांनी बाईचा देह झिजतो, हे उघड सभागृहात मांडण्याचे धैर्य त्या काळी थोड्यांना होते. ठराव फेटाळला गेला. पण काळाने कोणाला खरे ठरविले, ते आज तुम्ही पाहताच आहात.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांनी बंगल्यात बसून कागदावर सह्या केल्या नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा मुलखात गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांची वस्ती आणि दवाखाने त्यांनी डोळ्यांनी पाहिले. जानेवारी १९४४ अखेर खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे कर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांना घरे, पाणी, स्वच्छता व औषधोपचार पुरवायचे, अशी ती योजना होती. पुढे याच निधीतून धनबाद आणि आसनसोल येथे मोठी रुग्णालये उभी राहिली.

हेही तुमच्यापासून लपवावयाचे कारण नाही की, १९४३ साली युद्धाच्या निकडीपायी बायकांना भूगर्भात काम करण्यास असलेली बंदी सरकारने उठविली आणि मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांना सभागृहात तिचे समर्थन करावे लागले. अनेकांनी त्यावर टीका केली, आणि ती टीका निराधार नव्हती. परंतु त्या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळावी, हे तत्त्व बाबासाहेबांनी तेव्हा पुढे केले. खाणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या कायद्यातही त्यांच्या कारकिर्दीत दुरुस्त्या झाल्या. फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली.

याच काळात आजारी कामगाराचा प्रश्न हाती घेण्यात आला. मार्च १९४३ मध्ये प्राध्यापक अडारकर यांच्याकडे आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. कामगाराने थोडी वर्गणी द्यावी, मालकाने आपला वाटा भरावा, आणि आजारात कामगाराला औषध व रोख मदत दोन्ही मिळावे, असा त्याचा गाभा होता. बाबासाहेब १९४६ साली त्या पदावरून दूर झाले. कर्मचारी राज्य विमा कायदा एप्रिल १९४८ मध्ये मंजूर झाला, आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. या कामात अनेकांचे हात लागले, त्यांचे श्रेय त्यांना द्यावे. पण पाया कोणाच्या कारकिर्दीत घातला गेला, हे विसरू नये. पुढे ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या ४२ व्या कलमात प्रसूतिसाहाय्य आणि ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य ही राज्याची कर्तव्ये म्हणून नोंदविली गेली.

आता तुमच्याकडे वळू. विम्याचा तो मूळ कायदा कारखान्यांपुरता होता. शेतमजूर बाई, वीटभट्टीवरची बाई, ठेकेदाराकडे झाडू मारणारी बाई त्याच्या बाहेर राहिली. तेव्हा काम संपले असे मानू नका. तुम्ही कारखान्यात असाल, तर पगारातून विमा कापला जातो की नाही, हे विचारा आणि त्याचे कार्ड हाती घ्या. सून गरोदर असेल, तर तिचे नाव दवाखान्यात वेळेवर नोंदवा, आणि नोकरीला असेल तर तिची हक्काची रजा मागा. मूल तापाने फणफणले असता देवऋषीच्या अंगाऱ्यात रात्र घालवू नका, ते तुम्ही दीक्षेच्या वेळीच सोडले आहे. सरकारी दवाखान्याच्या रांगेत भिकाऱ्यासारखे नव्हे, नागरिकासारखे उभे राहा.

चार लेकरे गमावलेल्या बापाने दुसऱ्यांची लेकरे जगावीत म्हणून कायदेमंडळात आवाज उठविला. त्या बापाच्या तसबिरीला हार घालताना, आपल्या वस्तीतील कोणती आई आज औषधावाचून आहे, याची चौकशी करून मगच हात जोडा.

जय भीम!