ढोरांमागच्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवणाऱ्या ताराबाई मोडक

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडे शाळांच्या सहली सुरू होतात. जळगावकडच्या शाळा पाटणादेवीला नाहीतर पालला जातात, धुळ्याकडच्या लळिंगला किंवा तोरणमाळला. परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला डोंगर, झरा, जंगल पोरांना एक दिवस डोळ्यांनी पाहायला मिळतं. पण प्रत्येक वर्गात दोन-चार नावं सहलीतून गळतातच. कोणाकडे वर्गणीला पैसे नसतात, कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, कोणाला घरच्या बकऱ्या चारायला न्यायच्या असतात. गंमत म्हणजे बकऱ्यांमागे गेलेला पोरगा त्या दिवशीही डोंगरातच असतो. फक्त त्याच्यासोबत मास्तर नसतात.

अशा पोराच्या मागे मास्तर पाठवायचं काम महाराष्ट्रात एका बाईने करून दाखवलं. त्या म्हणजे ताराबाई मोडक. गावोगावी ज्या अंगणवाडीत आपली लहान पोरं जातात, तो अंगणवाडी शब्दही त्यांच्याच कामातून आला.

ताराबाई काही खेड्यात वाढलेल्या नव्हत्या. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, सुधारकी विचारांचे. ज्या काळात पोरींना चार बुकं शिकू देणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्न अमरावतीच्या वकिलाशी झालं. संसार टिकला नाही, १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी लहान मुलगी पदरी घेऊन नवऱ्यापासून वेगळं होणं म्हणजे काय, हे खेड्यातल्या बायांना वेगळं सांगायला नको. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मान मोठा.

ती नोकरी त्यांनी सोडली. कारण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचा माणूस लहान मुलांसाठी वेगळीच शाळा चालवत होता. गिजुभाई मूळचे वकील. मुलांवर इतकी माया की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मुलांना नदीवर न्यायचं, झाडाखाली बसवून गोष्ट सांगायची, हाताने काम करू द्यायचं, अशी त्यांची रीत. ताराबाई १९२३ ते १९३२ अशी नऊ वर्षं तिथे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला, पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला. मॉन्टेसरी बाईंच्या पद्धतीचा मराठी घरांना परिचय करून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पण दादरच्या शाळेत पोरं येत ती खाऊन-पिऊन सुखी घरातली. मॉन्टेसरीचं साहित्यही महाग. ते खेड्याला परवडणारं नव्हतं, आणि हीच गोष्ट ताराबाईंच्या मनाला लागली. १९४५ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांनी मुंबईतलं बस्तान उचललं आणि बोर्डी गाठलं. हे गाव समुद्रकाठी, डहाणू तालुक्यात. आपल्या भुसावळ-सुरत लाईनने सुरतेला जाऊन मुंबईकडची गाडी धरली की वाटेत घोलवड लागतं, तिथून बोर्डी जवळ. त्याच साली त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन वर्षाच्या आतच विधवा झालेल्या, पुढे जिद्दीने शिकून पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या. त्या ताराबाईंसोबत आल्या त्या कायमच्याच.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. गावातली पोरं आली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची येईनात. दुसरा कोणी असता तर आईबापांना शिक्षणाची किंमत नाही म्हणून मोकळा झाला असता. ताराबाईंनी उलट विचार केला. पोर शाळेत येत नसेल तर शाळेनेच पोराच्या दारात जायला पाहिजे. मग बाया सामान घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात पोरं गोळा करायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी-खेळ घ्यायचे. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी. साहित्य काय तर शिंपले, बिया, पानं, खडे, माती, बांबू. जे परिसरात पडलेलं आहे त्यावरच मोजणं, रंग, आकार, लहान-मोठं शिकवायचं. दादरला जे विकत घ्यावं लागत होतं ते इथे समुद्रकाठी फुकट पडलेलं होतं.

१९५७ मध्ये काम तिथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारली वस्ती, गवत आणि जंगल. इथे अडचण आणखी वेगळी निघाली. शाळा काढली, दार उघडलं, पण शाळेच्या वयाची पोरं हजर राहीनात. पोरगी घरी धाकट्या भावंडाला सांभाळत होती, पोरगा ढोरं घेऊन रानात होता. गरिबाच्या घरात सात-आठ वर्षांचं पोर म्हणजे कामाचा माणूस. त्याला शाळेत बसवलं तर ढोरांमागे कोण जाणार, हा आईबापांचा सवाल खोटा नव्हता.

ताराबाई आणि अनुताईंनी त्या सवालाला भाषणाने उत्तर दिलं नाही. भावंडं सांभाळणाऱ्या पोरींसाठी शाळेशेजारीच पाळणाघर आणि बालवाडी ठेवली, म्हणजे ताई वर्गात आणि बाळ पलीकडच्या खोलीत. दिवसभर कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. आणि ढोरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. म्हणजे शिक्षकाने पिशवीत पाट्या-पुस्तकं घ्यायची आणि पोरं जिथे ढोरं चारतात त्या कुरणात जायचं.

ज्याने ढोरं चारली आहेत त्याला यातली मेख लगेच कळेल. ढोरं घंटेच्या हिशोबाने चरत नाहीत. धडा रंगात आला आणि एखादी गाय कोणाच्या भातात शिरली तर धडा तिथेच सोडून पळावं लागणार. पावसाचं वेगळंच. मास्तरांनी खुर्ची, टेबल, फळा हे सगळं मनातून काढून टाकलं तरच ही शाळा चालणार. त्या बदल्यात मिळत होतं तेही थोडं नव्हतं. झाड, पान, बी, पक्षी, किडा, ओढा, सगळं समोर. वारल्याच्या पोराला कोणतं फळ खायचं, कोणत्या पाल्याला हात लावायचा नाही हे आधीच माहीत. तेव्हा शहरातून आलेल्या शिक्षकालाही तिथे पोरांकडून शिकावं लागणार हे उघड आहे. पुस्तकात परिसर नावाचा जो विषय असतो, त्यात ही पोरं सरांच्या चार पावलं पुढेच होती. अडत होतं ते अक्षराजवळ आणि आकड्याजवळ, आणि कुरणशाळेने तेवढंच त्यांच्या हातात दिलं.

१९६२ मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर चढला. आज खान्देशातल्या पाड्या-पाड्यांवर तो शब्द पोचला आहे. अंगणवाडी म्हटलं की आता लोकांना पोषण आहार, वजनकाटा आणि लसीकरण आठवतं. शिंपले-बियांवरचं शिकणं कुठे दिसतं, कुठे नाही, ते सेविकेच्या हौसेवर आहे.

कुरणशाळेला मात्र अंगणवाडीसारखं नशीब लाभलं नाही. बालविकास योजना सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी होती, ढोरांमागे जाणारा आठ-दहा वर्षांचा पोरगा तिच्यात बसत नव्हता. अनुताई ताराबाईंच्या मागे कोसबाडलाच राहिल्या, तिथल्या पाड्यांवर काम करत. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.