मृत्यूच्या नोंदवहीतला डॉक्टर

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक जन्माची, विवाहाची आणि मृत्यूची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. वारसाहक्काचे आणि मालमत्तेचे दावे सोपे व्हावेत, हा त्यामागचा एक मोठा हेतू. गावोगावचे निबंधक रकाने भरीत आणि कागद लंडनला धाडीत. अशा कागदांचे पुढे काय होते, हे ज्याने उमेदीची वर्षे बँकेच्या खातेवह्यांत घालवली त्याला सांगायला नको. गठ्ठे बांधले जातात आणि त्यांवर धूळ चढते. तिथे तसे झाले नाही, याचे श्रेय विल्यम फार या माणसाचे.

फारचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ चा, श्रॉपशायरमधल्या केन्ली या खेड्यातला. घरची गरिबी. जोसेफ प्राइस या जमीनदाराने मुलाची हुशारी हेरली आणि त्याला आपल्या घरी ठेवून वाढवले. १८२८ मध्ये प्राइस वारले तेव्हा त्यांनी या पोरासाठी ५०० पौंड ठेवले होते. त्या पैशावर फार पॅरिसला वैद्यक शिकायला गेला. तिथे डॉक्टर लुई रुग्ण मोजून उपचारांची पारख करीत. मोजण्याची गोडी त्याला तिथेच लागली. लंडनला परतून दवाखाना थाटला, पण तो फारसा चालला नाही. १८३७ मध्ये तरुण पत्नी क्षयाने गेली. दोन वर्षांनी तो नोंदणी खात्यात रुजू झाला आणि तिथे त्याने सुमारे ४० वर्षे काढली.

पहिल्याच अहवालाने वाद पेटला. जेमतेम सहा महिन्यांत नोंदल्या गेलेल्या सुमारे १,४८,००० मृत्यूंपैकी ६३ जणांचे कारण फारने उपासमार असे दिले होते. गरिबांसाठीच्या नव्या कायद्याचे कर्ते एडविन चॅडविक संतापले. त्यांच्या कायद्याच्या राज्यात माणसे भुकेने मरतात म्हणजे काय? फारने माघार घेतली नाही. त्याचे म्हणणे असे, की निव्वळ भुकेने मरणारे थोडे दिसतात. पण भूक माणसाला आधी पोखरते, मग एखादा ताप त्याला नेतो आणि नोंद होते ती तापाची. गरिबी कोणत्याही रकान्यात आपल्या नावाने येत नाही, हे त्याला पहिल्या वर्षीच उमगले होते.

मग ती शोधायची कुठे? फारचे उत्तर होते: छोट्या भागांत. शाखेचा एकूण ताळेबंद उत्तम असला तरी कोणते खाते बुडीत आहे, ते खातेनिहाय पाहिल्याशिवाय कळत नाही. फारने देशाची सरासरी फोडून नोंदणी जिल्हे शेजारी शेजारी मांडले. १८४१ च्या आकड्यांवरून सरे परगण्यात जन्मलेल्या बाळाचे सरासरी आयुष्य ४५ वर्षे निघाले, लंडनमध्ये ३७ आणि लिव्हरपूलमध्ये अवघे २६. देश एक, कायदा एक, आणि आयुष्यात १९ वर्षांचे अंतर! पुढे त्याने देशातले सर्वांत निरोगी जिल्हे वेगळे काढले. तिथे वर्षाला हजारी १७ माणसे मरत. त्याने हीच मोजपट्टी ठरवली. इतर ठिकाणी त्याहून जास्त मरणारे लोक वाचवता आले असते, असा तो हिशेब होता. आता कोणत्याही नगरपालिकेला दैवाकडे बोट दाखवता येईना.

हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये आयोग नेमला गेला, त्यात फार होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आकडेवारीमागेही त्याचे साहाय्य होते. इथल्या गोऱ्या सैनिकांचे मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ होते, हे १८६३ च्या अहवालाने जगासमोर आणले.

पण फारची खरी कसोटी कॉलऱ्याने घेतली. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे गेली. फारने शहराचे भाग उंचीप्रमाणे मांडले. थेम्सच्या पातळीपासून २० फुटांच्या आतल्या वस्तीत दर दहा हजारांत १०२ मृत्यू, तर साडेतीनशे फुटांच्या आसपास फक्त ८. मधले आकडेही पायरीपायरीने उतरत होते. फारने निष्कर्ष काढला, की नदीकाठची दूषित हवा रोग पसरवते. आकडे खरे होते, अर्थ चुकीचा होता. सखल वस्त्यांत गरिबी अधिक होती आणि यातल्या अनेकांना नदीच्या सर्वांत घाण पट्ट्यातले पाणी मिळत होते.

डॉ. जॉन स्नो रोग पाण्यातून पसरतो असे सांगत होते. फारला ते पटले नव्हते. तरीही १८५४ च्या साथीत मृतांचे पत्ते त्याने स्नोंना दिले आणि दक्षिण लंडनच्या निबंधकांना प्रत्येक मृताच्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येते, ते नोंदवायला लावले. आपल्या मताविरुद्धचा पुरावा त्याने आपल्याच कचेरीतून पुरवला.

१८५८ मध्ये स्नो वारले. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला. साप्ताहिक नोंदी चाळताना फारला दिसले, की मृत्यू पूर्व लंडनमध्येच दाटले आहेत आणि तो सारा भाग एकाच पाणी कंपनीचा आहे. कंपनीने न गाळलेले पाणी दिल्याचे नाकारले. पण दोन ग्राहकांच्या नळांत वाम मासे सापडले होते. वाळूच्या गाळणीतून वाम येतो कसा? ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावातले पाणी सोडले गेल्याचे अखेर उघड झाले. लंडनमध्ये या साथीने साडेपाच हजारांवर बळी घेतले होते. १८६८ च्या अहवालात साठीतल्या फारने पाण्याचा दोष स्वच्छ मांडला, आणि स्नोंचे म्हणणे खरे ठरले.

खात्याचे प्रमुखपद मात्र त्याला मिळाले नाही. १८८० मध्ये दुसऱ्याची निवड झाली आणि फार निवृत्त झाला. १४ एप्रिल १८८३ रोजी तो वारला. लंडनच्या आरोग्यशास्त्र महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर त्याचे नाव कोरले आहे, चॅडविक यांचेही. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ पासून जिल्हावार आकडे द्यायला सुरुवात केली. राज्याच्या सरासरीखाली झाकलेला एखादा जिल्हा त्यातून समोर येतो, तेव्हा फारनेच घालून दिलेली रीत चालू असते.